देवघराची मजुरी

२ मार्च २००९, सोमवार

नोकरी जाऊन आज सहा आठवडे झाले. रीडिंगच्या आमच्या ऑफिसात एकाच सकाळी तेवीस जणांना पुठ्ठ्याची खोकी वाटली, त्यातला मी तेरावा. तेव्हापासून एकोणचाळीस अर्ज केले. उत्तरं चार आली, चारही नकार. एकात तर मला ‘मिस शशी’ करून टाकलंय.

सुलक्षणा म्हणते, घरभर कुरकुरत फिरण्यापेक्षा लिहीत जा. म्हणून ही वही. बायकोने कुरकुरीला जागा काढून दिली, आता भरायला माझी ना नाही.

कराडला दादांना काही कळवलेलं नाही. चाळीस वर्षं सुतारकाम करून त्यांनी मला इंजिनिअर केलं. लहानपणी मी रंध्याला हात लावला तरी म्हणायचे, पुन्हा धरलास तर हात मोडीन. त्यांना काय सांगू? तुमचा लेक लंडनजवळ घरी बसलाय आणि सहा वर्षांच्या पोरीला शाळेत सोडून येतोय?

११ मार्च

चॅरिटी शॉपमध्ये चार पौंडाला एक जुना लाकडी रंधा मिळाला. पातं गंजलंय, पण जातिवंत आहे. शेजारच्या टोपलीत पन्नास पेन्सचं एक पुस्तक होतं: दोनशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन सुताराची हिशेबाची वही, जशीच्या तशी छापलेली. कनेक्टिकटमधला कुणी एलिफलेट बार्न्स. मी त्याला मनातल्या मनात एल्या म्हणतो.

एल्याचं सगळं अजबच. एक पाळणा, बदल्यात शेजाऱ्याच्या बैलांचं दोन दिवसांचं काम. सहा खुर्च्या, बदल्यात राय नावाचं धान्य आणि मेणबत्त्या. रोख पैसा पानोपानी दिसत नाही. याचं घर चालत कसं होतं?

२७ मार्च, पाडवा

लोकांच्या घरांची मोडकी दारं दुरुस्त करणं, खोक्यातून आलेली कपाटं जोडून देणं असं काम सुरू केलंय. न्यूजएजंटच्या, म्हणजे पेपरच्या दुकानाच्या काचेवर कार्ड लावलं. इंग्रज म्हातारे-म्हाताऱ्या बोलावतात, चहा देतात, बिल मागतात आणि चेक देतात. इतकं सोपं.

उरलेल्या ओकच्या फळ्यांचं आज आमच्यासाठी छोटं देवघर केलं. इतके दिवस आमचे देव मायक्रोवेव्हच्या वरच्या फळीवर होते. सुलक्षणाने समोर उभं राहून सात-आठ फोटो काढले. ‘इतके कशाला?’ म्हटलं, तर ‘असू देत’ म्हणाली. तनया म्हणाली, “बाबा, देवाचा घर खूप छान झाली.” मराठीची वाट लागली आहे, पण पावती मिळाली.

१९ एप्रिल

डॉ. कमलाकर आणि मधुमतीबाई जेवायला आले होते. चौतीस वर्षांपूर्वी इथल्या हॉस्पिटलात आलेले, आता दोघंही निवृत्त. इथल्या महाराष्ट्र मंडळातली सगळी माणसं त्यांना आई-वडिलांच्या जागी मानतात. देवघर बघून काका म्हणाले, “शशी, आम्हालाही असंच एक हवं. थोडं मोठं. सांग, किती द्यायचे?”

आता इथे मी घोळ घातला. दादांचा एक नियम होता: सुताराने देवघराची मजुरी तोंडाने सांगायची नाही. तो नेमका त्याच क्षणी आठवला आणि मी म्हणून गेलो, “लाकडाचे तेवढे द्या काका. देवघराची मजुरी मी सांगत नाही.”

माणूस म्हणतो ना, छे छे, असं कसं, घ्यायलाच हवेत. निदान दोनदा तरी म्हणतो. काका म्हणाले, “बरं बरं. उत्तम.” आणि आमटी वाढून घेतली!

१० मे

देवघर पोचवलं. नऊ दिवसांचं काम. वर छोटा कळस, खाली समईसाठी खण, खिळा एकही नाही, सगळे सांधे. काकांनी लाकडाचा चेक दिला आणि पाठीवर हात ठेवला. मधुमतीबाईंनी सुलक्षणाला आत बोलावून ओटी भरली. अर्धा तास बायकांचं आत काय चाललं होतं देव जाणे.

येताना गाडीत मागच्या सीटवर एक नारळ. नऊ दिवसांची मजुरी, एक नारळ.

सुलक्षणा मात्र खुशीत. म्हणाली, “किती रीतीची माणसं आहेत ना!” मी गिअर बदलला. तिच्याच मंडळातली माणसं, तिला काय बोलणार.

७ जून

सुलक्षणाचा भाऊ परीक्षित आठवडाभर आलाय. मेतकूट, गोडा मसाला, तनयाला परकर-पोलकं. वाटेत कराडला दादांना भेटून आला. दादांनी सुलक्षणासाठी रुमालात बांधून काहीतरी दिलंय. कुंकवाचा करंडा असेल. तिने ते घेऊन सरळ आत नेलं, दाखवलंही नाही. मला पायमोजेसुद्धा नाहीत.

काकांच्या घरचं देवघर बघून आणखी चौघांनी सांगितलंय. प्रत्येकाला आता तेच सांगावं लागतं, लाकडाचे द्या. एकाला फुकट आणि दुसऱ्याला बिल कसं लावणार? आणि प्रत्येक जण तेच म्हणतो, “बरं.” आमच्या लोकांना आग्रह फक्त श्रीखंडाचा करता येतो.

३० जून

दादांचा फोन. “हापिसात बरं चाललंय न्हवं?” म्हणाले. मी म्हटलं, हो, काम खूप आहे. मग म्हणाले, “तिकडं हवेत ओल लई असती म्हणं. लाकूड फुगत आसंल.” मी म्हटलं, असेल. “पावसाळ्यात सांधा जरा सैल ठेवावा लागतो,” म्हणाले. म्हातारपणी माणूस काहीही बोलतो. फोन सुलक्षणाला दिला, तर ती वीस मिनिटं बोलत बसली. हल्ली कॉलिंग कार्डं पुरत नाहीत.

एल्या वाचतोय. वर्षा-दोन वर्षांनी तो आणि गिऱ्हाईक एकत्र बसत, वही उघडत आणि खाली लिहीत: ‘जगाच्या आरंभापासून आजच्या तारखेपर्यंतचा आमचा सगळा हिशेब आज पाहिला आणि पुरा केला.’ खाली दोघांच्या सह्या. जगाच्या आरंभापासून! मीही मागच्या पानांवर तशी वही सुरू केली. डावीकडे काम, उजवीकडे जमा. देवघरांच्या ओळींपुढे उजवीकडे एकच शब्द येतो, नारळ.

२४ ऑगस्ट

काल गणपती बसले. त्याआधीच्या महिन्यात चार देवघरं दिली, आता एकूण नऊ. नऊ ओट्या, नऊ नारळ. घरात रोज खोबऱ्याची चटणी. बेसिंगस्टोकच्या अनयकडे तर त्याच्या बायकोने, वरदाने, सुलक्षणाला पैठणीचा ब्लाउजपीस दिला आणि अनयने मला मिठी मारली. मिठी कुठल्या खात्यात लिहायची?

ही तीच माणसं आहेत, जी मॉर्टगेजच्या अर्ध्या टक्क्यावर दोन तास वाद घालतात.

८ सप्टेंबर, मंगळवार

मनीषाकडे गेलो होतो. ती अकाउंटंट आहे, मराठी असूनही काम चोख आणि फी रोख. आमचा व्हिसा नोव्हेंबरअखेर संपतो. वाढवून मिळण्यासाठी सलग बारा महिन्यांची ठरावीक कमाई दिसायला हवी. नोकरीतला शेवटचा पगार, नंतरची सगळी कामं, सगळं धरून तिने बेरीज केली. चष्मा काढला.

“शशी, यू आर शॉर्ट. दोन हजार सातशे चाळीस पौंड कमी. आणि ते एकतीस ऑक्टोबरच्या आत बँकेत दिसले पाहिजेत, प्रत्येक पेमेंटला इन्व्हॉइस मॅच झाला पाहिजे.”

“नाहीतर?”

“नाहीतर मी लेटर देऊ शकत नाही. आणि लेटरशिवाय क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात जाऊन उपयोग नाही.” मग माझी वही चाळून म्हणाली, “हे काय? नारळ, नारळ, नारळ?”

मी सांगितलं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की त्यापेक्षा रागावली असती तर बरं झालं असतं.

म्हणजे नोव्हेंबरात सामान बांधायचं. तनयाची शाळा सोडवायची. आणि कराडला दारात उभं राहून दादांना सांगायचं की नोकरी गेली, मी तुमचाच धंदा केला, आणि तोही नीट जमला नाही. मला यातलं शेवटचं सगळ्यात झोंबतंय.

सुलक्षणाने विचारलं, “काय म्हणाली मनीषा?” मी म्हटलं, सगळं ठीक आहे. तिला उगाच काळजी कशाला?

२२ सप्टेंबर

दोन आठवडे धावधाव केली. इंग्रज गिऱ्हाइकं सुट्ट्यांवरून परत येऊन पैसे वाचवतायत. मधल्या काळात दहावं देवघर दिलं, अर्चना म्हणून मंडळात नवीन आलेल्या बाईंकडे. दहावा नारळ.

आज शेवटी केलं. दहाही घरांना बिलं लिहिली. प्रत्येकी दोनशे पंच्याहत्तर, बेरीज दोन हजार सातशे पन्नास. सोबत चिठ्ठी: ‘मजुरी सांगायची नाही हा आमचा नियम होता. मजुरी द्यायची नाही असा तुमचा असेल, याची कल्पना नव्हती. पाच महिने वाट पाहिली. कृपया दोन आठवड्यांत चेक पाठवावा.’

पहिल्या मसुद्यात ‘पाठवावा’ नव्हतं, ‘पाठवा’ होतं. तेवढा सभ्यपणा ठेवला. सुलक्षणा तनयाला पोहायला घेऊन गेली तेव्हा पोस्टाच्या पेटीत टाकून आलो. परत येताना बरं वाटत होतं. खूप महिन्यांनी ताठ चाललो.

२६ सप्टेंबर

अनयचा फोन. “अरे शश्या, तुझं लेटर मिळालं. पण मी काय म्हणतो, ते आम्ही तर तेव्हाच…” एवढ्यात मागून वरदा काहीतरी म्हणाली. फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज बंद झाला. मग पुन्हा अनय, “काही नाही रे. करतो ट्रान्सफर. दोन हप्त्यांत केले तर चालतील?”

दोन हप्ते! याच्या गॅरेजमध्ये नवी गाडी उभी आहे. मी म्हटलं, एकतीस ऑक्टोबरच्या आत असतील तर चालतील.

५ ऑक्टोबर

चेक यायला लागले. सात आले. कुणी भांडलं नाही, कुणी घासाघीस केली नाही. चूक कळली की माणूस मुकाट होतो. कमलाकर काकांच्या चेकबरोबर ओळ होती: ‘काम बिलापेक्षा मोठं आहे. उशीर झाला, क्षमस्व.’ बघा, माझ्या चिठ्ठीने अक्कल आली.

एकच गोष्ट खटकते. मंडळाच्या भोंडल्यात सगळ्यांनी माझ्याशी अगदी हळुवार बोलावं असं काय होतं? घरात कुणी आजारी असल्यासारखं.

१४ ऑक्टोबर

अनयचा दुसरा हप्ता जमा. मनीषाचा फोन, “डन. दहा पौंड वरच आहेत. लेटर तयार करते.” आम्ही राहणार. मी गॅरेजमध्ये जाऊन रंधा उगाच दोनदा चालवला.

१७ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

आज जे झालं ते नीट लिहितो.

संध्याकाळी पूजा मांडली. सुलक्षणा म्हणाली, “तुझी हिशेबाची वही आण, वहीपूजन करू.” मी आणली. मग तिने देवघराच्या खालचा समईचा खण ओढला. त्यात मी कधी बघत नाही, वाती आणि कापूर तिचं खातं. आतून पाकिटांचा गठ्ठा काढला, हळदीकुंकू लावलेला, लाल दोऱ्याने बांधलेला. “हं. तुझी वर्षाची मजुरी. उघड.”

पहिल्यावर लिहिलं होतं: ‘सौ. मधुमती व डॉ. कमलाकर. देवघर. १० मे. पौंड ५०१.’ आहेराच्या पाकिटावर लिहितात तसं, नाव, निमित्त, तारीख, रक्कम. दुसरं, तिसरं. अनय-वरदाचं एकशे एक. दहा पाकिटं. दोन हजार पाचशे साठ पौंड, रोख.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“काय म्हणजे? देवघराची मजुरी सुताराच्या हातात देत नाहीत, घरच्या लक्ष्मीच्या ओटीत घालतात. लक्ष्मीपूजनापर्यंत मोडत नाहीत. तुमच्या घरची रीत. तुला माहीत नाही?”

“तुला कुणी सांगितलं?”

“दादांनी. पाडव्यालाच, देवघराचं कळवलं तेव्हा. मधुमतीकाकूंना मीच सांगितलं, मग सगळ्यांनी तसंच केलं.” ती हसत होती. “मला वाटलं तुला ठाऊक आहे. सुताराचा मुलगा ना तू?”

सुताराचा मुलगा. ज्याला दादा दुकानाच्या उंबऱ्यावरून परत पाठवायचे, त्याला अर्धा नियम कळला. सांगायचं नाही एवढं ऐकलं. घेतात कसं, ते कधी बघितलंच नाही.

मी बिलांचं सांगितलं. आणि त्या चिठ्ठीचं. तिचं हसू गेलं. “शशी, तू मला पैशाचं विचारलंस का नाही एकदाही? मनीषा काय म्हणाली ते तरी खरं सांगायचंस.” मग म्हणाली, “अनयचा कॉन्ट्रॅक्ट ऑगस्टअखेर संपला. वरदाने मला सांगितलं होतं. मी तुला म्हणाले नाही, तुला तुझ्याच नोकरीची आठवण होईल म्हणून.”

दोन हप्ते.

गठ्ठ्यात अकरावं काहीतरी होतं, रुमालात बांधलेलं. ते मी उघडलं नाही. देवघरं दहा दिली आणि दहाही घरांना अपमान पोचवला. अकरावं घर कुठलं, ते बघायची हिंमत नाही.

आणि दादांना पाडव्यापासून माहीत आहे.

२५ ऑक्टोबर

आठवडाभर पाकिटं परत करत हिंडतोय. कुणीही घेत नाही. चहा देतात, विषय बदलतात. मी आता चेक मागतानापेक्षा जास्त चिडलोय.

आज काकांकडे गेलो. पाचशे एक टेबलावर ठेवले. म्हटलं, “काका, तुम्ही एका शब्दाने सांगायचं होतं.”

“काय सांगायचं? तू मागितलेस, म्हणजे तुला नड होती.”

मधुमतीबाई म्हणाल्या, “हे बघ, सुलक्षणाने तुला सांगितलं नाही म्हणजे तिचं काही कारण असेल असं वाटलं. नवरा-बायकोत आम्ही कशाला पडायचं? मीच फोन केले सगळ्यांना, काही बोलू नका म्हणून.”

“मग हे तरी घ्या परत.”

“ओटीत घातलेलं परत घेतात का कधी? उचल ते. पोरीच्या घरचं काढून घेऊ का आम्ही?”

मी रडलो. त्यांच्या दिवाणखान्यात, मीच केलेल्या देवघरासमोर. काकांनी रुमाल दिला. मग मी एल्याची गोष्ट सांगितली आणि माझी वही पुढे केली. काकांनी चष्मा लावून सगळं वाचलं, नारळांसकट. खाली मी एल्याचं वाक्य मराठीत लिहिलं आणि दोघांनी सही केली.

अनयकडे मात्र ऐकलं नाही. नोकरी मिळेपर्यंत त्याच्या घरचं सुतारकाम माझ्याकडे, आणि त्याच्या चिरंजीवांचा पलंगही. पाकीट वरदाच्या डब्यात तांदळाखाली ठेवून आलो. ओटीला ओटी.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

क्रॉयडन. सकाळी सातपासून रांग, मग वर प्लास्टिकच्या खुर्च्या. बाईने मनीषाचं पत्र, बिलं, बँकेचे कागद एकाखाली एक लावून बघितले. प्रत्येक ओळ जुळली. त्या ओळींमागे काय आहे ते तिला कळायचं कारण नाही. दुपारी पासपोर्टवर तीन वर्षांचा शिक्का मिळाला. ट्रेनमध्ये सुलक्षणाने हात धरला तो रीडिंगपर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर म्हणाली, “आता तरी ते उघड.”

रुमाल सोडला. दादांचाच, निळ्या काठाचा. आत खाकी पाकीट, त्यावर सुतारी पेन्सिलीचं जाड अक्षर:

‘श्री. शशिकांत सुतार, सुतारकाम करणार, रीडिंग, यांस. देवघर एक, फोटोत पाहिले. मजुरी रु. १०१. ज्ञानेश्वर सुतार, कराड.’

आत शंभराची नोट आणि एक रुपया.

लगेच फोन लावला. कराडला उशीर झाला असणार, पण पहिल्या घंटेला उचलला.

“दादा, पाकीट मिळालं.”

“मिळालं? जूनमधी दिलंय मी.” आणि पुढे म्हणाले, “डावीकडचा वरचा सांधा जरा उघडा दिसतोय फोटोत. बाकी बरं हाय.”

“दादा, मी तुम्हाला खोटं सांगितलं. इतके महिने.”

“व्हय. मीबी ऐकत हुतो की.” मग खोकल्यासारखं हसले. “एकशे एक कमी पडलं आसतील तर सांग बाबा. बिल नगं पाठवू.”

वही उघडली. डावीकडे लिहिलं, ज्ञानेश्वर सुतार, कराड, देवघर एक. उजवीकडे, जमा एकशे एक रुपये. खाली दोघांच्या सह्या होऊन हिशेब पुरा व्हायचं ते वाक्य लिहायला घेतलं आणि ‘जगाच्या आरंभापासून’ एवढंच लिहून थांबलो. हा हिशेब माझ्याने पुरा व्हायचा नाही. उद्या सकाळी तो डावीकडचा सांधा आधी दुरुस्त करायचाय.